मन, मु. पो. बरगडीखाली

इंग्रजी भाषेत मनाविषयी जे काही गंभीरपणे बोलले जाते ते बहुतांशी ग्रीक शब्दांतून बोलले जाते, आणि ग्रीकमध्ये जे बोलले जाते ते बोलणाऱ्याला नक्की कळलेले असणार, असा ऐकणाऱ्यांचा जुना समज असल्यामुळे ही व्यवस्था दोन्ही पक्षांना आजवर चांगली मानवली आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्याला रोज नवा आजार झाल्यासारखा वाटतो अशी तक्रार केली, तर घरचे लोक त्याला वर्तमानपत्रातील आरोग्य पुरवणी वाचणे बंद करायला सांगतात. पण त्याच तक्रारीला 'हायपोकॉन्ड्रिया' हे नाव मिळाले की घरात एकदम गांभीर्य पसरते, त्याच्या ताटातले लोणचे काढून घेतले जाते आणि खुद्द त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर काहीतरी कमावल्याचे समाधान दिसू लागते. वास्तविक त्या शब्दाचा मूळ अर्थ 'बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग' एवढाच असून त्यातून त्या गृहस्थाच्या मनाविषयी काडीचाही बोध होत नाही.

मनाच्या या ग्रीक शब्दांत सर्वांत घटनापूर्ण चरित्र 'फ्रेन' या शब्दाचे आहे. 'स्किझोफ्रेनिया' या रोगनामातला उत्तरार्ध तो हाच. 'फ्रेन्झी', 'फ्रँटिक' आणि 'फ्रेनेटिक' हे पिसाट अवस्थेचे तीन इंग्रजी शब्द त्याचेच वंशज. डोक्यावरची टेंगळे चाचपून स्वभाव सांगणारी 'फ्रेनॉलॉजी' ही विद्या त्याच्याच नावावर चालली. आणि शरीरशास्त्राच्या पुस्तकात 'फ्रेनिक नर्व्ह' नावाची जी चेता आढळते तिचेही आडनाव तेच. यांतल्या पहिल्या सर्व शब्दांत 'फ्रेन' म्हणजे मन आणि शेवटच्यात 'फ्रेन' म्हणजे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला, श्वासोच्छ्वासाबरोबर खालीवर होणारा स्नायूंचा पडदा. एकाच घराण्यातील माणसे मनोविकारतज्ज्ञाकडे आणि शल्यचिकित्सकाकडे अशी विभागली गेली, याचे कारण ग्रीकांनी मनाचा पत्ता प्रथम लिहिला तो बरगड्यांच्या खालचा, आणि पुढे मनाने बिऱ्हाड हलवले तरी टपाल मात्र जुन्याच पत्त्यावर येत राहिले.

होमरच्या महाकाव्यांत हा शब्द बहुधा अनेकवचनी, म्हणजे 'फ्रेनेस' असा येतो, आणि त्या काळी ती वस्तू इतकी भरीव होती की तिला भाल्याने भोसकता येत असे. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात पॅट्रोक्लस सार्पेडॉनला भाला मारतो तो नेमका फ्रेनेस जेथे हृदयाला वेढून असतात तेथे, आणि नंतर छातीवर पाय रोवून भाला उपसतो तेव्हा भाल्याबरोबर फ्रेनेसही बाहेर येतात. 'ओडिसी'त एकाक्ष राक्षस पॉलिफेमस गाढ झोपलेला असताना ओडिसियस त्याला कोठे भोसकावे याचा विचार करतो, तेव्हा त्याला सुचलेली जागा म्हणजे फ्रेनेस जेथे यकृताला धरून ठेवतात ती होय. मात्र याच महाकाव्यांत माणसे फ्रेनेसमध्ये विचार करतात, देव तेथे युक्त्या पेरतात आणि दुःख तेथे येऊन बसते. 'इलियड'च्याच सहाव्या सर्गातील ग्लॉकसची कथा तर या दृष्टीने शस्त्रक्रियेचा उच्चांक म्हणावी लागेल. रणांगणावर समोरासमोर आलेल्या ग्लॉकस आणि डायोमिडीस यांना आपल्या आजोबांचा घरोबा आठवतो आणि ते स्नेहाखातर चिलखते बदलतात. त्यात ग्लॉकस शंभर बैलांच्या मोलाचे सोन्याचे चिलखत देऊन नऊ बैलांच्या मोलाचे काशाचे घेतो, आणि याचे कारण कवी असे देतो की झ्यूसने त्याचे फ्रेनेस काढून घेतले होते. मराठी माणूस अशा व्यवहाराला 'अक्कल गहाण ठेवली' म्हणतो, ज्यात निदान व्याज भरून ती सोडवून आणण्याची आशा तरी असते. झ्यूसच्या कारभारात तशी पावती दिली जात नसे.

हे फ्रेनेस म्हणजे नेमका कोणता अवयव यावर विद्वानांचे एकमत नाही. ग्रीक वैद्यांनी पुढे हा शब्द श्वासपटलासाठी पक्का केला. परंतु ओनियन्स या अभ्यासकाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात होमरचे फ्रेनेस म्हणजे फुप्फुसे होत, असे हिरिरीने मांडले. ब्रूनो स्नेल या जर्मन पंडिताने त्याच्याही पुढे जाऊन, होमरच्या माणसाकडे एकसंध मनासाठी शब्दच नव्हता, त्याच्याजवळ होती ती निरनिराळी कामे करणारी निरनिराळी इंद्रिये, असे प्रतिपादन केले. या वादात मराठी वाचकाने कोणाचीही बाजू घेण्याचे कारण नाही, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत वाईट बातमीने एकाच वेळी छातीत धस्स होते आणि पोटात गोळा येतो, आणि श्वासपटल या दोन घटनास्थळांच्या बरोबर मध्ये असल्यामुळे ग्रीकांनी त्याला साक्षीदार केले असेल तर ते अगदीच अकारण म्हणता येत नाही.

या पत्त्याविरुद्ध एक ठाम लेखी हरकत इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास नोंदवली गेली. हिपॉक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथसंग्रहात 'पवित्र रोग' या विषयावर, म्हणजे अपस्मारावर, एक प्रबंध आहे. त्याचा कर्ता कोण हे निश्चित नसले तरी तो माणूस वैतागलेला होता एवढे निश्चित दिसते. हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी वगैरे काही नाही, असे सांगून तो मेंदूकडे वळतो आणि सुख, हसू, दुःख, भीती, विचार हे सारे मेंदूतून होते असे ठासून सांगतो. आणि मग श्वासपटलाची हजेरी घेतो. त्याचे म्हणणे असे की 'फ्रेनेस' हे नाव या पडद्याला केवळ योगायोगाने आणि रूढीने चिकटले आहे, वस्तुस्थितीशी त्याचा संबंध नाही. अचानक आनंद किंवा दुःख झाले की तो उडतो खरा, पण तो पातळ आणि ताणलेला आहे म्हणून, त्याला काही कळते म्हणून नव्हे. ही हरकत इतकी सरळ, सप्रमाण आणि बरोबर होती की पुढील चोवीसशे वर्षे तिच्याकडे भाषेने अजिबात लक्ष दिले नाही.

प्लेटोने तडजोड काढली. 'टिमीअस' या संवादात त्याने मानवी देहाची रचना एखाद्या शिस्तीच्या वाड्यासारखी केली असून, बुद्धीला माडीवर डोक्यात ठेवले आहे, शौर्य आणि संताप यांना छातीत, आणि भूक व वासना यांना पोटात. मान ही माडी आणि खालचा मजला यांच्यामधील चिंचोळी वाट, आणि श्वासपटल हा छाती व पोट यांना वेगळे करणारा आडपडदा, जसा ग्रीक घरात पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या दालनांमध्ये असे. आतडी लांब आणि वेटोळी का केली, याचेही त्याने कारण दिले आहे: अन्न चटकन निघून जाऊन माणसाला पुन्हा भूक लागू नये, कारण सतत जेवणाऱ्या प्राण्याला तत्त्वज्ञान जमणार नाही. ज्या समाजात व्याख्यानानंतर अल्पोपाहाराची सोय असल्याचे निमंत्रणपत्रिकेत छापावे लागते, त्या समाजाला हा विचार पटण्यास हरकत नसावी. प्लेटोचा शिष्य अॅरिस्टॉटल मात्र मेंदूवर इतका मेहेरबान नव्हता. त्याने जाणिवेचे केंद्र हृदयात मानले आणि मेंदूकडे हृदयातील उष्णता निववण्याचे काम सोपवले. तेव्हापासून 'डोके थंड ठेवा' हा सल्ला देणारा माणूस नकळत अॅरिस्टॉटलचा अनुयायी ठरतो.

श्वासपटलाच्या खालच्या वस्तीत मनाचे आणखी काही शब्द राहात असत, आणि त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय फ्रेनची प्रतिष्ठा कळत नाही. त्याच्या लगत खाली 'हायपोकॉन्ड्रियम' हा भाग, ज्यात उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते. या प्रदेशातून उठणाऱ्या वाफा डोक्यात गेल्या की माणूस उदास आणि शंकेखोर होतो, असे मानले जात असे. आजही पोट तपासणारे डॉक्टर 'राइट हायपोकॉन्ड्रियम' असे निर्विकारपणे लिहितात आणि त्यात रुग्णाला काही दुखावण्याचा हेतू नसतो. या विकारावर नाट्यवाङ्मयातले सर्वांत प्रसिद्ध प्रहसन मोलिएरने १६७३ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आणले आणि काल्पनिक रुग्णाची भूमिका स्वतः केली. चौथ्या प्रयोगात त्याला खरोखरीच आजाराचा झटका आला आणि त्याच रात्री तो वारला, तेव्हा या शब्दाची थट्टा करणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. 'मेलन्कली' म्हणजे उदासी, आणि शब्दशः काळे पित्त. पिवळे पित्त यकृतात सापडले तसे हे काळे पित्त शरीरात वेगळे कधीच सापडले नाही, तरी त्याच्या विपुलतेवर रॉबर्ट बर्टन या ऑक्सफर्डच्या ग्रंथप्रिय धर्मोपदेशकाने १६२१ साली एक प्रचंड ग्रंथ लिहिला आणि तो आपण उदासी टाळण्यासाठी लिहीत असल्याचे सांगून पुढे आयुष्यभर वाढवत नेला. महाराष्ट्रात पित्तावर मोरावळा देण्याची पद्धत असल्यामुळे येथे असे ग्रंथ कमी निर्माण झाले.

या वस्तीतले सर्वांत उपद्रवी नाव 'हिस्टेरिया'. ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय, आणि हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांच्या मते तो एका जागी स्वस्थ बसणारा अवयव नव्हता. तो देहात हिंडे, वर चढून श्वास कोंडी आणि स्त्रीला झटके आणी. त्याला परत खाली आणण्यासाठी नाकाशी दुर्गंधी वस्तू आणि खालच्या बाजूस सुगंधी धूप, असा दुहेरी उपाय केला जाई, ज्यामागे गर्भाशयाला नाक असते हे गृहीतक होते. हा प्रवासी अवयव जाग्यावर बसल्यावरही शब्दाने आपला हक्क सोडला नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात पॅरिसहून शिकून आलेल्या तरुण सिग्मंड फ्रॉइडने व्हिएन्नाच्या वैद्यांच्या सभेत पुरुषांनाही हिस्टेरिया होतो असे सांगितले, तेव्हा एका वृद्ध शल्यचिकित्सकाने, हिस्टेरा म्हणजे गर्भाशय असताना पुरुषाला तो होईलच कसा, असा प्रश्न केल्याची आठवण फ्रॉइडने पुढे आपल्या आत्मपर लेखनात नोंदवली आहे. समोर रुग्ण असताना शब्दकोश उघडण्याची ही वृत्ती वैद्यकात दुर्मीळ असली तरी इतर क्षेत्रांत, विशेषतः सरकारी पत्रव्यवहारात, भरपूर आढळते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हिस्टेरिया हे निदान आपल्या अधिकृत सूचीतून काढले ते १९८० साली.

आता पुन्हा फ्रेनकडे वळायचे तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ग्रीकांच्या नीतिविचारात याच शब्दापासून बनलेला 'सोफ्रोसिनी' हा एक थोर सद्गुण होता. ज्याचे फ्रेन शाबूत आहे अशा माणसाचा संयम आणि विवेक, असा त्याचा अर्थ. प्लेटोने त्यावर एक संवादच खर्ची घातला. याच शब्दापासून 'फ्रेनायटिस' हे एका तापाचेही नाव बनले होते, ज्यात रोगी बरळतो, अंथरुणावरचे धागे वेचतो आणि उठून पळू पाहतो. रोमन वैद्यकातून आणि फ्रेंचमधून प्रवास करीत या कुळाला इंग्लंडात नेण्याची वेळ आली तेव्हा संयम बंदरावरच राहिला आणि ताप मात्र तीन वेळा उतरला: एकदा 'फ्रेन्झी' म्हणून, एकदा 'फ्रँटिक' म्हणून आणि एकदा 'फ्रेनेटिक' म्हणून. इंग्रजांना एकाच तापासाठी तीन शब्द लागले आणि विवेकासाठी त्यातला एकही लागला नाही, यावरून त्या लोकांविषयी काही निष्कर्ष काढण्याचा मोह इतिहासकाराने आवरावा, विशेषतः तो इतिहासकार त्यांच्या ताब्यात दीडशे वर्षे राहिलेल्या देशातला असेल तर.

वेडाकडे झुकण्याची ही खोड एकट्या फ्रेनची नाही. 'मॅनिया' या शब्दाचे मूळ ग्रीक क्रियापद 'माइनेताइ', म्हणजे 'तो उन्मत्त होतो', आणि संस्कृतातील 'मन्यते', म्हणजे 'तो विचार करतो, मानतो', ही दोन्ही रूपे एकाच आदिम मूळ रूपापासून निघाली असल्याचे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे मराठीतील मन, मत आणि मंत्र हे शब्द मॅनियाचे सख्खे चुलत भाऊ लागतात. फरक इतकाच की ज्या क्रियेला भारतात विचार करणे म्हणत तिलाच ग्रीसमध्ये वेड लागणे म्हणत, आणि कोणत्या देशाने निरीक्षण अधिक बारकाईने केले हे एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसल्याशिवाय ठरवता येणार नाही. प्लेटोने 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी असे घातले आहे की भविष्यकथनाच्या कलेचे नाव मुळात 'मॅनिके', म्हणजे वेडाची कला, असे होते, आणि पुढच्या अरसिक लोकांनी त्यात एक 'त' घुसडून ते 'मँटिके' केले. ही व्युत्पत्ती थट्टेत सांगितलेली असली तरी दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, हे आजचे भाषाशास्त्रही बहुतांशी मान्य करते. त्यामानाने 'सायकी' हा शब्द सभ्य निघाला: श्वास, प्राण, आत्मा आणि फुलपाखरू असे त्याचे अर्थ होते, आणि त्याच्यापासून 'सायकॉलॉजी', म्हणजे मानसशास्त्र, हे विद्येचे नाव १५९० साली गोक्लेनियस या जर्मन प्राध्यापकाच्या ग्रंथाच्या शीर्षकावर झळकले. मराठी तरुणांनी त्याचा 'सायको' करून तो विचित्र वागणाऱ्या मित्रासाठी राखून ठेवला असल्यामुळे, आत्म्याला शिवीचे रूप देण्याचा मान मराठीच्या वाट्याला आला असता, पण तो आधीच अमेरिकेने पटकावला होता.

फ्रेनला विद्येच्या दरबारात प्रवेश मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही नको त्या सोबतीने. फ्रान्झ योझेफ गॉल या व्हिएन्नातील वैद्याच्या लक्षात शाळेत असतानाच असे आले होते की ज्या मुलांचे पाठांतर चांगले त्यांचे डोळे बाहेर आलेले असतात. त्यावरून त्याने अनुमान केले की स्मरणशक्तीचा मेंदूतला भाग डोळ्यांच्या मागे असला पाहिजे आणि तो वाढला की डोळ्यांना पुढे ढकलत असला पाहिजे; आणि मग या न्यायाने मेंदूत सत्तावीस शक्तींची सत्तावीस स्थाने ठरवून, ज्याची जी शक्ती मोठी त्याच्या कवटीवर त्या जागी उंचवटा असणार, असे शास्त्र उभारले. त्यात अपत्यप्रेम होते, संगीत होते, चोरीची आणि खुनाचीही प्रवृत्ती होती. महाराष्ट्रात बाळाच्या जन्मानंतर सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते अशी समजूत होती, परंतु ते अक्षर कोणालाच लागत नसल्यामुळे फारसे नुकसान होत नसे; गॉलचे वैशिष्ट्य असे की त्याला ते बोटांनी वाचता येत असे. १८०१ च्या अखेरीस सम्राट फ्रान्सिसने ही व्याख्याने धर्माला आणि नीतीला बाधक ठरवून बंद केली, तेव्हा साहजिकच त्यांची मागणी युरोपभर वाढली.

या विद्येला 'फ्रेनॉलॉजी' हे नाव गॉलने दिलेले नाही आणि ते त्याला आवडतही नसे. ते टॉमस फॉर्स्टर या इंग्रज निसर्गाभ्यासकाने १८१५ साली सुचवले आणि गॉलचा शिष्य श्पुर्झहाइम याने ते गावोगाव नेले. श्पुर्झहाइम हा गुरूपेक्षा व्यवहारी होता. खुनाची शक्ती त्याने यादीतून सौम्य केली, शक्तींची संख्या वाढवली आणि श्रोत्याला आपल्या डोक्यात काहीतरी चांगले निघण्याची शक्यता वाढवून ठेवली, ज्यामुळे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत घरोघरी लोक एकमेकांची डोकी चाचपू लागले. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाच्या मुलांची डोकी पाहण्यासाठी एडिंबराचा जॉर्ज कोम याला बोलावणे गेले. उच्च अभिरुचीच्या माणसाला इंग्रजीत आजही जे 'हायब्राउ', म्हणजे उंच कपाळाचा, असे म्हणतात ते याच काळाचे शेष आहे.

संगीतकार योझेफ हायडनला या विद्येची जी किंमत मोजावी लागली तिला इतिहासात तोड नाही, आणि ती त्याने मृत्यूनंतर मोजली. १८०९ साली तो व्हिएन्नात वारला, तेव्हा रोझेनबाउम आणि पीटर या त्याच्या दोन चाहत्यांनी, जे गॉलच्या विचारांनी भारले होते, थडगे खोदणाऱ्याला लाच देऊन त्याचे डोके काढून घेतले; कवटी स्वच्छ केल्यावर संगीताचा उंचवटा पूर्ण विकसित असल्याचे त्यांना अपेक्षेप्रमाणे आढळले. अकरा वर्षांनी हायडनच्या आश्रयदात्या एस्टरहाझी राजपुत्राने अवशेष आइझेनश्टाटला हलवायला काढले, तेव्हा पेटीत डोक्याच्या जागी फक्त केसांचा टोप सापडला. झडतीसाठी माणसे आली तेव्हा कवटी गादीत लपवली होती आणि गादीवर रोझेनबाउमची पत्नी, जी स्वतः गायिका होती, आजारी असल्याचे सांगून पडून होती. शेवटी राजपुत्राला कोणा भलत्याचीच कवटी देऊन वाटेला लावण्यात आले. खरी कवटी हातोहाती फिरत व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी संस्थेकडे पोचली आणि १९५४ साली समारंभपूर्वक धडापाशी परत गेली. परंतु आधीची भलती कवटी काढून टाकण्याचे कोणी मनावर घेतले नसल्यामुळे आइझेनश्टाटच्या समाधीत हायडनपाशी आज दोन डोकी आहेत. मार्क ट्वेनचा अनुभव यापेक्षा स्वस्तात पडला. लंडनमधील फाउलर या नामांकित तज्ज्ञाकडे तो खोट्या नावाने गेला असता, विनोदबुद्धीच्या जागी उंचवट्याऐवजी खळगा निघाला. काही महिन्यांनी तो स्वतःच्या नावाने गेला तेव्हा त्याच खळग्याच्या जागी एव्हरेस्ट उभे होते, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. ट्वेनच्या साक्षीत अतिशयोक्ती गृहीत धरावी, तरी पद्धतीचे वर्णन म्हणून ती चोख आहे.

गॉलवर हसणे सोपे असले तरी अन्यायाचे होऊ नये. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, हे त्याचे मूळ म्हणणे खरे ठरले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याने, ज्याच्या तोंडून 'तान' या एकाच अक्षरापलीकडे बहुधा काही निघत नसे अशा रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढील भागात इजा झालेली दाखवली आणि वाणीचे स्थान निश्चित केले. चुकली होती ती कवटी. तिने आतल्या घडामोडींची बाहेर वाच्यता केलेली नव्हती.

या साऱ्या गदारोळात शरीरशास्त्रज्ञांनी मात्र 'फ्रेन' शब्द जुन्याच अर्थाने वापरणे सोडले नाही. मानेतून निघून छातीतून खाली उतरणारी जी चेता श्वासपटलाला चालवते ती 'फ्रेनिक नर्व्ह', आणि तिला चेव आला की श्वासपटल अवचित आखडते, वर स्वरयंत्राचे दार फटकन मिटते, आणि जो आवाज होतो त्याला उचकी म्हणतात. येथे महाराष्ट्राच्या लोकशास्त्राने होमरला अनपेक्षित दुजोरा दिला आहे. मराठी घरात उचकी लागलेल्या माणसाला पाणी देण्यापूर्वी 'कोणीतरी आठवण काढत असेल' असे सांगितले जाते, मग तो एकेका नातेवाइकाचे नाव घेत जातो, आणि ज्याच्या नावाला उचकी थांबेल त्याने आठवण काढली असे ठरते. दूरच्या माणसाचा विचार श्वासपटलावर येऊन उमटतो, ही कल्पना ग्रीक वैद्यांनी चोवीसशे वर्षांपूर्वी फेटाळली असली तरी पुण्यात किंवा पणजीत ती अद्याप कोणी फेटाळलेली नाही. उचकी थांबवणारे नाव बहुधा माहेरच्या माणसाचे निघते आणि सासरच्या माणसाचे क्वचितच, हे निरीक्षण मात्र वैद्यकाच्या कक्षेत येत नाही.

फ्रेनॉलॉजीने बदनाम केलेल्या या शब्दाला पुन्हा गंभीर कामावर घेतले ते मनोविकारशास्त्राने. हेकरने १८७१ साली तारुण्यात सुरू होणाऱ्या एका विकाराला 'हेबेफ्रेनिया' म्हटले होते. पुढे एमिल क्रेपेलिनने असे विकार एकत्र करून त्यांना 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली बुद्धिनाश, हे लॅटिन नाव दिले. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलरला ते पटेना, कारण विकार नेहमी अकाली सुरू होत नसे आणि बुद्धीचा नाशही नेहमी होत नसे. शिवाय त्या नावाचे विशेषण करता येत नाही, ही त्याची आणखी एक रास्त तक्रार होती, आणि ज्याला रोज शेकडो नोंदी लिहाव्या लागतात त्यालाच तिचे महत्त्व कळेल. १९०८ च्या एप्रिलमध्ये बर्लिनच्या सभेत त्याने 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द मांडला. 'स्किझो' म्हणजे दुभंगणे. पण त्याला अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि कृती यांना एकत्र बांधणारे धागे सैल होणे, एका देहात दोन माणसे राहणे नव्हे.

लोकांनी नेमका उलटा अर्थ घेतला, आणि यात दोष लोकांपेक्षा नावाचा अधिक आहे. मराठीने या रोगासाठी 'छिन्नमनस्कता' हा शब्द घडवला, जो ब्लॉयलरच्या शब्दाचा इतका प्रामाणिक अनुवाद आहे की त्यात मूळचा गैरसमजही शाबूत उतरला. जपानमध्ये 'मनाच्या दुभंगाचा रोग' अशा अर्थाचे नाव रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना इतके जाचक झाले की २००२ साली ते अधिकृतपणे बदलून 'मेळ बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचे करण्यात आले. या रोगात भास होतात, नसलेले आवाज ऐकू येतात, संशय दृढ होतात, माणूस एकेकदा बोलेनासा होतो. औषधांनी आणि आधाराने पुष्कळ लोक सावरतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' या चित्रपटात हा आजार जसा दाखवला आहे त्यात एक माणूस दोन झालेला कोठेही दिसत नाही. दिसते ते एकाच माणसाचे आणि त्याच्या घरच्यांचे ओढाताणीचे जगणे.

तरीही अग्रलेखांतून आणि वाहिन्यांवरील चर्चांतून एखादा पुढारी सकाळी एका पक्षाचा आणि संध्याकाळी दुसऱ्याचा झाला, किंवा एखाद्या धोरणाचा पूर्वार्ध उत्तरार्धाशी भांडू लागला, की त्याला 'स्किझोफ्रेनिक' म्हणण्याची हौस अनेकांना आवरत नाही. अशा लेखकांना आणि वक्त्यांना एवढेच सांगणे आहे की त्या पुढाऱ्याचे विचार, भावना आणि कृती यांचा मेळ पूर्णपणे साधलेला असतो, तो कोणत्या बाजूला जायचे हे नीट मोजूनच गेलेला असतो, आणि त्याच्यासाठी मराठीत 'दुटप्पी' आणि 'दुतोंडी' हे दोन शब्द पूर्वीपासून उपलब्ध आहेत. त्यांतला जो हाताशी असेल तो वापरावा आणि रोगाचे नाव रोग्यांसाठी सोडावे.